भिलानानांच्या उभ्या रेघा

ही हकीकत सांगायला मी आजवर तीन-चार वेळा बसलो आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलून उठलो. निवृत्तीच्या समारंभात संधी होती, तिथे मी वरिष्ठांचे आभार मानले. मुलाने एकदा विचारलं, "बाबा, जळगावच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर तुम्ही चालवला ना? त्याची काही गंमत सांगा." तेव्हा मी त्याला त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, ते सांगितलं. तो हसला, मीही हसलो. भिलानानांचं नाव काढलं नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. हे ऐकून ज्यांना वाईट वाटलं असतं असं कुणी उरलेलं नाही, आणि ज्यांना बरं वाटलं असतं तेही उरले नाहीत. उशीर झालाय हे मला कळतं.

मी पाणी मोजणाऱ्या खात्यात होतो. आमचं ऑफिस जळगावला. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या नद्यांवर आणि बंधाऱ्यांवर जागोजागी मोजपट्ट्या बसवलेल्या होत्या. पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते दिवसातून तीन वेळा बघायचं, तक्त्यात लिहायचं आणि महिनाअखेर तक्ता पोस्टाने जळगावला पाठवायचा, या कामाला रोजंदारीवर माणसं होती. त्यांना गेज रीडर म्हणत. भिलानाना त्यांतलेच एक. पिंपळनेरच्या पुढे एका जुन्या दगडी बंधाऱ्यावर त्यांची नेमणूक होती आणि मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांना तिथे सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं रोजंदारीवर.

माणूस उंच, वाळकुडा, खांद्यात किंचित वाकलेला. पांढरी टोपी, मळकं धोतर आणि कानावर पेन्सिल. तक्ते मेणकापडात गुंडाळून, त्यावर सुतळी बांधून ते काखेत धरायचे. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या गावचं पाटकरीपण होतं. तिकडे फडाची पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, गावाची शेतं फडांमध्ये वाटलेली असतात, आणि कुणाच्या फडात किती पाणी सोडायचं ते पाटकरी बघतो. त्याच्या हातात फावडं असतं आणि गावाचा विश्वास. भिलानानांचे वडील सही करण्यापुरते शिकलेले होते, पण पाण्याचे आकडे त्यांनी मुलाला जुन्या रीतीने शिकवले होते. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दोनच्या पुढे तीन रेघा दिल्या की झाले पावणेतीन. आमच्या लहानपणी नशिराबादच्या दुकानांतही हीच रीत होती. पुढे दशांश आले आणि आम्ही ती विसरलो. नाना विसरले नाहीत.

पहिल्यांदा मी त्यांच्या बंधाऱ्यावर गेलो तो न सांगता, तपासणीला. सकाळचे सहा वाजायचे होते. नाना आधीच भिंतीच्या टोकावर उकिडवे बसलेले. तिथली पट्टी जुनी, फुटांची होती, दगडातच कोरलेली. मीटरची नवी पट्टी मंजूर होऊन बरीच वर्षं झाली होती, ती यायची होती. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "दोन पूर्णांक सात."

"नही साहेब. पावणेतीन."

"अहो, थोडं कमी आहे पावणेतीनला."

"कमी शे ते माले बी दिखास. पन पट्टीवर त्यानं घर नही." त्यांनी दगडावर बोट ठेवलं. एका फुटाचे चारच भाग कोरलेले होते. "जे दगडवर नही ते मी कसं लिखू?"

मला त्या वेळी हा अडाणी हट्ट वाटला. खरं तर खात्याच्या नियमपुस्तकात हेच लिहिलेलं आहे, की पट्टीवर जेवढं वाचता येतं तेवढंच लिहावं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

इतर गेज रीडरांचं मी काय सांगू! वाईट माणसं नव्हती. पण रोज तीन वेळा नदीवर कोण जाणार? बरेच जण महिनाअखेरीला ओट्यावर बसून सगळा महिना भरायचे. पाणी हळूहळू चढायचं, हळूहळू उतरायचं, अगदी मनासारखं. त्यांचे तक्ते सुंदर दिसायचे. नानांचा तक्ता मात्र खडबडीत. एका पुरात पट्टी बुडाली तेव्हा त्यांनी सलग पाच रकान्यांत "पट्टी पाण्याखाली, दिसत नाही" असं लिहिलं होतं. त्याच पुरात खालच्या बंधाऱ्यावरच्या माणसाने पाचही आकडे दिले होते, आणि आमच्या ऑफिसने शेरा मारला तो नानांच्या तक्त्यावर.

एकदा त्यांच्या तक्त्यावर पिवळाधमक अंगठा उमटलेला आला. कारकुनाने तो मला दाखवला, "बघा, कागदावर वरण सांडून पाठवतात." पुढच्या फेरीत मी नानांना विचारलं.

"हळद शे ती साहेब. आंडेरनं लगीन व्हतं. हात धवाले टाइम नही भेटना."

आंडेर म्हणजे मुलगी. म्हणजे हा माणूस मुलीच्या लग्नाच्या दिवशी भर दुपारी मांडवातून उठून बंधाऱ्यावर गेला होता. मी म्हणालो, "अहो नाना, त्या एका दिवशी नसता गेलात तर चाललं असतं."

"मी लगीनले व्हतू. पानी थोडंच लगीनले उनं व्हतं?"

हे ते हसत म्हणाले. त्यांचं बरंचसं बोलणं असं, हलक्या आवाजात आणि हसत असायचं, त्यामुळे त्यात किती आहे ते ऐकणाऱ्याला नंतर कळायचं.

खालच्या गावाचे पंच त्यांना 'दगडना कारकून' म्हणून चिडवायचे. मी एकदा समोर होतो. पंचांतले एक म्हातारे आबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "काय कारकून, आज दगडनी सही करी का नही?"

"करी ना आबा. तुमनं नाव इचारी ऱ्हायंता."

आबा हसले, जवळ बसले, आणि मग मुद्द्यावर आले. त्या आठवड्यात पाणी कमी होतं. आकडा जरा वर दिसला तर खालच्या गावाला पाण्याची पाळी दोन दिवस जास्त मिळणार होती. "नाना, पाव फूट जास्तीनं लिखी टाक. तुना काय जास?"

"मना काहीच जात नही आबा. पन ते पाव फूट पानी आनू कथाईन?"

आबा उठून गेले ते रागावूनच. नंतर कित्येक महिने त्या गावातल्या चहाच्या टपरीवर नानांशी कुणी बोलत नसे. नाना टपरीवर जायचे, चहा प्यायचे आणि सगळ्यांना राम राम करून निघायचे. त्यांनी तिथे जाणं बंद केलं नाही.

नव्वदच्या सुमाराला आमच्या ऑफिसात युनिक्सचा कॉम्प्युटर आला आणि पुण्याला महिनाभराचं शिक्षण घेऊन मी त्याचा प्रमुख झालो. तक्ते आता मुली टाइप करणार होत्या. टाइप करताना चुका फार व्हायच्या. शून्याऐवजी इंग्रजी ओ पडे, एकाऐवजी एल, कुठे दोन टिंबं. त्या पकडायला मी एक नमुना लिहिला. पुस्तकात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणत. ती ओळ मला आजही पाठ आहे:

^[0-9]+(\.[0-9]+)?$

अर्थ सोपा. सुरुवातीपासून आकडेच हवेत. मग हवं तर एक टिंब आणि त्याच्या पुढे पुन्हा आकडे. तिथेच नोंद संपली पाहिजे. यात जे बसेल ते खरं, बाकी सगळं कचरा. तो कचरा वेगळा काढून ठेवावा आणि माणसाने नजरेखालून घालावा, असंही पुस्तकात होतं. मी तो ठेवला नाही. जिथे नोंद नमुन्यात बसणार नाही तिथे जागा कोरी सोडायची, असं यंत्राला सांगितलं. चूक ठेवून करायचं काय, असं मला वाटलं. आठवडाभर मी ती ओळ भेटेल त्याला समजावून सांगत होतो.

नव्या तक्त्यांची माहिती द्यायला सगळ्या गेज रीडरांना जळगावला बोलावलं. मी फळ्यावर आकडे लिहून दाखवले. टिंब असं द्या, टिंबाच्या पुढे असं लिहा. मागच्या रांगेतून नाना उभे राहिले.

"साहेब, अर्धाले काय लिखानं?"

"टिंब आणि पुढे पाच."

"आनि पाऊणले?"

"टिंब, सात, पाच. पंचाहत्तर."

नाना खाली बसले नाहीत. "पंचाहत्तर कसाना साहेब? मनी पट्टीवर फुटना चारच भाग शेतस. पंचाहत्तर मी मोजेल नहीत."

चोपड्याकडचा एक जण ओरडला, "अहो नाना, टाका लिहून! कोण बघतंय?"

"मी देखस ना," नाना म्हणाले.

सगळा हॉल हसला. मीही हसलो. जेवणाची वेळ झाली होती, वाढपी दारात येऊन उभे होते. मी म्हणालो, "बरं नाना, तुम्ही तुमच्या रेघांनीच लिहा. आमच्या मुली समजून घेतील." नानांनी हात जोडले आणि बसले. हे मी भरल्या हॉलमध्ये बोललो आणि जेवायला गेलो. नमुन्यात रेघांसाठी जागा करायची राहिली. मुलींना सांगायचंही राहिलं.

राहिलं म्हणजे अगदीच विसरलो असंही नाही. महिन्याभराने कुंदा नावाची टाइप करणारी मुलगी मला जिन्यात भेटली. "सर, पिंपळनेरच्या तक्त्यात आकड्यांपुढे उभ्या रेघा आहेत. काय करू?"

"कागदावर आहे तसंच टाइप कर," मी उतरता उतरता म्हणालो. तिने कीबोर्डवरची उभी रेघ शोधून काढली आणि इमानाने तसंच टाइप केलं. दोन, मग तीन रेघा. माझा नमुना त्यात टिंब शोधत होता. टिंब सापडलं नाही की जागा कोरी. तीन वर्षं हे चाललं. पाणी बरोबर पूर्ण फुटावर असेल त्या दिवशी नानांची नोंद टिकायची. बाकीचे दिवस यंत्राच्या लेखी ते बंधाऱ्यावर गेलेच नव्हते.

मग वरून आदेश आला, की जुन्या रोजंदारी माणसांना कायम करायचं, मात्र त्यांची हजेरी सलग असली पाहिजे. हजेरीपटावर कुणाचाच विश्वास नव्हता, मुकादम पंधरा दिवसांतून एकदा येऊन सरसकट सगळ्यांना हजर लावायचा. तेव्हा मीच सुचवलं की कॉम्प्युटरवरून यादी काढू. ज्या दिवशी नोंद त्या दिवशी हजर. मोठ्या साहेबांना कल्पना फार आवडली. यादी एका दुपारी निघाली. ओट्यावर बसून महिना भरणारे सगळे तिच्यात होते, त्यांच्या नोंदी टिंबांसकट नीटनेटक्या होत्या. नानांच्या नावापुढे यंत्राने छापलं, बहुतांश काळ नोंद नाही. साहेब म्हणाले, "हा आठवड्यातून एखादा दिवस जातो वाटतं." मी कागद पुढे सरकवला. नाव ओळखीचं वाटलं होतं. मी थांबलो नाही. नानांना केवळ कायम केलं नाही एवढंच नव्हे, तर कामचुकार म्हणून कमीही केलं.

पत्र मिळाल्यावर नाना एसटीने जळगावला आले. पिंपळनेरहून धुळे, धुळ्याहून जळगाव. मेणकापडात तीन वर्षांच्या तक्त्यांच्या दुसऱ्या प्रती होत्या. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. मला पाहून उठले आणि म्हणाले, "साहेब, माले कोनी सांगं नही मी कोनता दिन गयथू नही. तो दिन माले दखाडा. मी याद करस."

आरोप नव्हता त्यात. आपण न गेलेला एखादा दिवस खरंच असेल असं समजून ते तो शोधायला आले होते.

मी सुतळी सोडली. पहिलाच तक्ता पाहिला आणि मला कळलं. पानभर रेघा. मग मोठ्या साहेबांकडे गेलो आणि नोंदींचा काही घोटाळा झालाय असं सांगितलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "चौधरी, यादी मुंबईला गेली. आज आपण म्हटलं की मशीनचं चुकलं, तर उद्या ते म्हणणार सगळी यादीच चुकली. ती परत येईल आणि पुन्हा जाणार नाही. त्या यादीत त्रेचाळीस माणसं आहेत. त्यांची पोरंबाळं आहेत. एकासाठी त्रेचाळीस जणांना अडवायचं असेल तर सांगा, मी आत्ता तार करतो."

ते खरोखर वाट बघत होते. मशीनचं नाही साहेब, माझं चुकलं, यादी थांबवू नका, माझ्यावर ठपका ठेवून त्या एकाचं नाव पुरवणीत घाला, हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं. असं करता आलं असतं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईचे अधिकारी कॉम्प्युटर बघायला येणार होते. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

बाकापाशी आमचा शिपाई होता, आणखी दोन गेज रीडर होते. मी म्हणालो, "नाना, तुमच्या नोंदी टिंबाने नव्हत्या. मशीनला त्या वाचता आल्या नाहीत. आता काही करता येण्यासारखं नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्हीच तर सांगितलं होतं. त्या दोघांपैकी एक हॉलमध्ये हजर होता, त्याने मान खाली घातली. नाना शिपायाकडे वळले, परत माझ्याकडे वळले.

"मंग मनंच चुकनं व्हई साहेब," ते म्हणाले. "तुम्ही फळावर लिखीसन दखाडं व्हतं."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की ते माझं हॉलमधलं बोलणं विसरले असतील. पण तीन वर्षांच्या दुसऱ्या प्रती सुतळीने बांधून ठेवणारा माणूस काय विसरणार? चार माणसांत त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्यांनी मेणकापड परत गुंडाळलं. संध्याकाळची धुळ्याची गाडी किती वाजता, ते शिपायाला विचारलं.

त्याच दिवशी मी नमुना दुरुस्त केला. टिंबाच्या जागी एक ते तीन उभ्या रेघाही चालतील, एवढाच बदल. दहा मिनिटं लागली. कुंदाने टाइप केलेल्या मूळ नोंदींची टेप कपाटात तशीच होती, मग ती त्यातून पुन्हा काढली. नानांचा एकही दिवस कोरा नव्हता. एकही नाही. तो कागद मी छापला, घडी घातली आणि खणात ठेवला. कुणाला दाखवला नाही. बदली झाली तेव्हा खण रिकामा करून दिला.

त्यानंतर नाना मला एकदाच दिसले. चार-पाच वर्षांनी, धुळ्याच्या स्टँडवर. साक्रीकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसलेले. एका डोळ्यावर हिरवं कापड होतं, ऑपरेशन झालेलं. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली. त्यांनी सगळी मान वळवून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"साहेब! तुम्ही अठे?"

"कामासाठी आलो होतो. डोळा कसा आहे?"

"एक व्हयना. दुसरा दिवायी नंतर." मग शेजारच्या बाईला म्हणाले, "हाई मना साहेब शेतस. जळगावना."

काय करता हल्ली, असं मी विचारलं. जावयाच्या शेतावर राखणीला असतो, म्हणाले. नात शाळेत जाते. "तिले मी आकडाना टिंब शिकाडस साहेब. रोज दहा आकडा लिखाडस. मनामायक नको व्हवाले तिनं." मनामायक म्हणजे माझ्यासारखं.

मी खिडकीचा गज धरला. "नाना, त्या वेळचं ते..."

"कोनता येळनं?"

शेजारची बाई बघत होती. कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढे येत होता.

"जेवण झालं का?" मी विचारलं.

"व्हयनं ना. तुमनं?"

घंटी वाजली. मी गाडीबरोबर चालत राहिलो. नानांनी हात बाहेर काढला, पण कापड बांधलेला डोळा माझ्या बाजूला होता. ते मला शोधत होते, मी त्यांना दिसत नव्हतो, आणि हात भलत्याच बाजूला हलत होता. फाटकाशी गाडी वळली, साक्रीच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठे मी म्हणालो, "नाना, माझं चुकलं."

शेजारी उभ्या असलेल्या हमालाने विचारलं, "मला म्हणालात का?"

मी म्हणालो, "नाही."